हनुवटीवरचे केस

मागच्या महिन्यात माझ्या भाचीला पाहायला पाहुणे आले होते. चहा झाला, खीर झाली. मग मुलाची फुप्फी म्हणाली, "बेटा, जरा उजेडात बस." पोरीला खिडकीपाशी बसवून तिने हनुवटी निरखून पाहिली. दोन दिवसांनी नकार आला. मुलीला दाढीचे केस आहेत म्हणे! मुलगा तिशीचा, अर्धं टक्कल पडलेलं. त्याबद्दल आमच्यापैकी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

खरं तर दोन्हींच्या मागे एकाच जातीची संप्रेरकं आहेत. चेहऱ्यावर केसांची मुळं बाईलाही असतात, पुरुषाइतकीच. तिची लव मऊ, फिकट राहते एवढंच. वयात आल्यावर मुलात टेस्टोस्टेरॉन वाढतं, त्यापासून डीएचटी बनतं आणि तीच लव काळी, राठ होते. हेच डीएचटी डोक्यावर मात्र उलटं वागतं. ज्याच्या घराण्यात टक्कल आहे त्याचे केस ते बारीक करत नेतं. वयात येण्याआधी अंडकोष काढलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही, हे अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्येच दाखवलं होतं.

बाईच्या शरीरातही ही संप्रेरकं थोडी असतातच. ती वाढली की ओठावर, हनुवटीवर राठ केस येतात. बहुतेक वेळा कारण पीसीओएस असतं आणि ते साधारण दहातल्या एकीला असतं. पुढे मधुमेहाचा धोकाही वाढतो. आमच्या घरात यावर उपाय तीनच: दोरा, बेसन आणि गप्प बसणं. भाचीची पाळी तीन-तीन महिने येत नव्हती, ते कुणी विचारलंही नाही.

हे झाकायला दीनची सबब सांगू नये. बाईला दाढी-मिशी आली तर ती काढावी का, यावर जुन्या आलिमांनी मोकळेपणी वाद घातला आहे. तबरी (मृत्यू ९२३) म्हणाले, काढू नये. इमाम नववी (मृत्यू १२७७) म्हणाले, काढणं मुस्तहब आहे. मला नववींचं पटतं. पण बाईच्या दाढीबद्दल लिहिताना दोघांनाही लाज वाटली नाही, आणि आम्ही दार लावून कुजबुजतो.

परवा भाचीला डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली, रक्त दिलं, रिपोर्ट यायचा आहे. आपा म्हणते, कुणाला सांगू नकोस. मी हे विचारूनच लिहितेय. भाचीला विचारून, आपाला नाही.