वादळ पट्ट्यावर, भरपाई सरासरीवर!



३१ मार्च २०२४ रोजी बंगालात जलपाईगुडी शहर आणि मैनागुडीच्या गावांवर चक्री वावटळ आली. काही मिनिटांत घरे उडाली, माणसे मेली. मुख्यमंत्री त्याच रात्री तेथे पोचल्या. चांगले झाले. पण वादळ कपाशी-ज्वारीच्या शिवारावर येते तेव्हा साधा पंचनामा व्हायला किती दिवस जातात, ते तुम्ही जाणता.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गारपिटीने उभा गहू, हरभरा, ज्वारी झोडपली. सरकारने कोरडवाहूला हेक्टरी १०,००० रुपये जाहीर केले. म्हणजे एकरी ४,०००. तेही दोन हेक्टरांपर्यंतच.

२०१६ साली पंतप्रधान पीक विमा आला. गारपिटीसारख्या आपत्तीत ७२ तासांत कळवले तर त्या शेताचा पंचनामा, अशी सोय त्यात होती. कटकटीची, पण शेत पाहणारी. २०२५ च्या खरिपात राज्याने ती वगळली आणि भरपाई मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर ठेवली.

वादळाचा पट्टा अरुंद असतो. धुऱ्याच्या अलीकडची पऱ्हाटी आडवी होते, पलीकडची उभी राहते. मंडळाची सरासरी काढली की आडवी पऱ्हाटीही कागदावर उभी! हप्ता घेताना तुमचा सात-बारा लागतो. भरपाई देताना का लागत नाही?

येत्या ग्रामसभेत एकच ठराव घ्या : वादळ-गारपिटीचे संरक्षण विम्यात हवे आणि पंचनामा शेतावरच हवा. आम्ही दया मागत नाही. भरलेल्या हप्त्याचा हिशेब मागतो.