एसजीपीटी वाढला म्हणजे यकृतच का?

म्हसळा, श्रीवर्धन, तळा या पट्ट्यातली तरुण मुलं आखातात नोकरीला निघतात तेव्हा त्यांची वैद्यकीय तपासणी होते, आणि एखाद्याचा एसजीओटी-एसजीपीटी दोनशे-तीनशेच्या घरात निघतो. मुलाला कसलाच त्रास नसतो. बिलिरुबिन नॉर्मल, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, सोनोग्राफीत यकृत स्वच्छ. तरीही ‘अनफिट’चा शिक्का बसतो. घरचे त्याला आधी काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेतात आणि मग आपल्याकडे. आपण तेल-तूप बंद करायला सांगतो, यकृताच्या गोळ्या लिहून देतो. दोन महिन्यांनी आकडे जिथल्या तिथे. मग पथ्य पाळत नाहीस, चोरून पितोस, असं त्याला सुनावलं जातं.

ही दोन्ही एन्झाइम स्नायूंतही असतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाने परीक्षेत लिहिलेलं आहे. जीजीटी नॉर्मल आणि एसजीओटी-एसजीपीटी मात्र वाढलेले, असा रिपोर्ट हाती आला की पुढची तपासणी सीपीकेची. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला तरी हरकत नाही. सीपीके पाच हजार, दहा हजार आला तर यकृत सोडा, स्नायूंकडे बघा. आदल्या दिवशी मुलाने व्यायामशाळेत अंग मोडेस्तोवर व्यायाम केला असेल तर आठवडाभर विश्रांती देऊन तपासणी पुन्हा करा. त्यानंतरही आकडा हजारांतच असेल तर ज्या थोड्या आजारांचा विचार करावा लागतो, त्यांतला एक डिसफर्लिन या प्रथिनाच्या अभावाचा. यंदाचं संपादकीय त्याच्यासाठी राखून ठेवलं आहे, कारण हा आजार आपल्या टेबलावरून यकृताचा किंवा वाताचा म्हणून सहज निसटतो.

रुग्ण पाहिला तर संशयसुद्धा येत नाही. शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचणारा, गावच्या संघातून क्रिकेट खेळणारा मुलगा. विशीच्या आसपास त्याला जाणवतं की टाचा उचलून चवड्यांवर उभं राहता येत नाही. काहींना आधी जिना चढताना, जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात. चवड्यांवर उभं राहता न येणं हे मियोशी प्रकाराचं लक्षण. कंबर आणि मांड्यांपासून सुरू होणारा दुसरा प्रकार लिंब-गर्डल डिस्ट्रॉफीत मोडतो. दोन्हींचं जनुक एकच आहे, हे १९९८ साली दोन संशोधक गटांनी एकाच वेळी दाखवलं. हृदय बहुधा वाचतं, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

हे प्रथिन नेमकं काय करतं, हे २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रयोगाने स्पष्ट झालं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात केव्हिन कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेत डिंपल बन्सल आणि सहकाऱ्यांनी उंदराचा एकच स्नायूतंतू घेतला, भोवतीच्या द्रवात चमकणारा रंग मिसळला आणि लेसरने तंतूच्या आवरणाला भोक पाडलं. निरोगी तंतूत रंग थोडा शिरला आणि थांबला. आवरण मिटलं होतं. डिसफर्लिन नसलेल्या तंतूत रंग आत शिरतच राहिला. द्रवातून कॅल्शियम काढून टाकलं तेव्हा निरोगी तंतूलाही भोक बुजवता आलं नाही. सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे डिस्ट्रोफिन नसलेल्या, म्हणजे डुशेनच्या नमुन्यातल्या उंदराच्या तंतूंनी भोक व्यवस्थित बुजवलं.

खाडीकाठच्या खारबांधाला उधाणाच्या भरतीत खांड पडते, तेव्हा गावकरी चिखलाचे गोळे घेऊन धावतात. डुशेनमध्ये बांधच कच्चा. डिसफर्लिनच्या आजारात बांध पक्का आहे, पण खांड पडल्यावर धावणारं कोणी नाही. बाहेरून आत घुसणारं कॅल्शियम हीच खांड पडल्याची वर्दी. ती मिळताच आवरणाखालच्या सूक्ष्म पिशव्या भोकाकडे सरकतात आणि आवरणात मिसळून ते बुजवतात. डिसफर्लिन नसेल तर त्या पिशव्या जागेवर जमतात आणि तिथेच राहतात.

यातून उपचाराबद्दल एक सरळ गोष्ट निघते. बायोप्सीत दाहपेशी दिसतात म्हणून पॉलिमायोसायटिस समजून स्टेरॉइड सुरू करण्याचा मोह होतो. जर्मनीत २५ रुग्णांवर डेफ्लाझाकॉर्टची दुहेरी-अंध चाचणी झाली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली: फायदा काहीच नाही, उलट औषध चालू असताना ताकद कमी होण्याकडे कल. डुशेनमध्ये स्टेरॉइडने चालण्याची वर्षं वाढतात. इथे तेच औषध मुलाचं वजन, साखर आणि हाडं बिघडवतं. विशीतल्या रुग्णाचा ‘पॉलिमायोसायटिस’ स्टेरॉइडला जराही दाद देत नसेल, तर डोस वाढवण्याआधी निदान पुन्हा तपासा. माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, आणि ते टाळणं आपल्या हातात आहे.

हा आजार परदेशी पुस्तकातला नाही. मुंबईतून डॉ. सतीश खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी २००४ सालीच १४ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लखनौच्या डॉ. सुनील प्रधान यांनी २००८ मध्ये एक साधी खूण नोंदवली: रुग्णाला गुडघे किंचित वाकवून उभं केलं की मांडीच्या पुढच्या भागात हिऱ्याच्या आकाराचा फुगवटा उठून दिसतो. ती पाहायला यंत्र लागत नाही, पँट वर करायला सांगावी लागते इतकंच. पक्कं निदान मात्र जनुकीय चाचणीनेच; रक्तातल्या मोनोसाइट पेशींतही डिसफर्लिन असतं, त्यामुळे काही ठिकाणी रक्तावरून प्रथिनाची पातळीही पाहतात.

जनुकीय उपचाराची अडचण आकाराची आहे. डिसफर्लिनची संहिता सहा हजारांहून अधिक अक्षरांची, आणि ती वाहून नेणाऱ्या एएव्ही विषाणूत मावतात सुमारे ४,७००. म्हणून संहितेचे दोन तुकडे दोन विषाणूंतून पाठवून ते पेशीत जोडण्याचा मार्ग शोधला गेला आणि त्याच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या आहेत. अमेरिकेतलं जैन फाउंडेशन केवळ याच आजाराच्या संशोधनावर काम करतं, रुग्णांची नोंदही ठेवतं. अशा नोंदीत शिरायला जनुकीय निदान लागतं. ‘फॅटी लिव्हर’ म्हणून घरी बसलेला म्हसळ्याचा मुलगा त्यात कधीच दिसणार नाही.

तोवर आपण काय करायचं? व्यायामशाळेतल्या जड वजनांच्या बैठका बंद. वजन सावकाश खाली सोडताना आणि उतार उतरताना स्नायूवर जो ताण येतो, तो या तंतूंना सर्वांत जाचतो. पोहणं, सपाटीवर सायकल चालेल. आजार अप्रभावी वारशाचा आहे, म्हणजे आई-वडील दोघेही वाहक. मामेबहिणीशी असो वा चुलतबहिणीशी, नात्यातली लग्नं आपल्या भागात अनेक समाजांत होतात, तेव्हा भावंडांचं सीपीके पाहा आणि लग्न ठरण्याआधी समुपदेशन सुचवा. ते बोलताना कोणा एका समाजाकडे बोट दाखवू नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत स्नायूंच्या डिस्ट्रॉफीचा समावेश आहे; प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाकडे पाठवा. मुंबईला न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी देताना सीपीकेचा आकडा, तो कोणत्या तारखेचा, आदल्या आठवड्यात व्यायाम केला होता का, स्टेरॉइड कधी आणि किती दिलं, एवढं त्यात स्वच्छ अक्षरात लिहा. बायोप्सी झाली असेल तर तिचा ब्लॉक रुग्णाच्या ताब्यात द्यायला लावा.