भयाची युती आणि व्यवहाराचा सलोखा

शेजारी राज्यांच्या संघटनेची परीक्षा तिच्या घोषणापत्रांवरून न करता, संकट टळल्यावर ती राज्ये परस्परांशी कशी वागली हे पाहून करावी, असे अचलपूरच्या माणसास तरी वाटल्यावाचून राहणार नाही. कारण बहमनी सत्तेचे विघटन होऊन १४९० च्या सुमारास फतहुल्ला इमादशहाने स्थापिलेल्या ज्या इमादशाहीची ही राजधानी, तिचा अंत शेजाऱ्यांनीच केला.

१५६५ साली विजयनगराच्या धास्तीने विजापूर, अहमदनगर, गोवळकोंडा आणि बीदर येथील सुलतान एकत्र आले. चांदबिबी अहमदनगरहून विजापूरच्या दरबारी वधू होऊन गेली, सोलापूरचा किल्ला आंदण दिला गेला आणि तालिकोटच्या लढाईत जय लाभला. वऱ्हाडची ही इमादशाही त्या आघाडीबाहेर होती. भयाचे कारण नाहीसे होताच सलोखाही विरला, आणि पुढे अहमदनगर व विजापूर यांनी आपसांत असा तह केला की, अहमदनगरच्या निजामशहाने वऱ्हाड व बीदर घ्यावे, विजापूरच्या आदिलशहाने दक्षिणेकडील मुलूख जिंकावा, आणि एकाने दुसऱ्याच्या आड येऊ नये. १५७४ साली वऱ्हाड निजामशाहीत खालसा झाला. पण तोच प्रांत १५९६ मध्ये अहमदनगरच्या वतीने चांदबिबीस मुघलांच्या हवाली करावा लागला.

सौदी अरेबिया, कुवेत, बहारीन, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि ओमान यांनी मे १९८१ मध्ये स्थापिलेल्या आखाती सहकार्य परिषदेच्या मुळाशीही इराणमधील क्रांतीचे आणि इराण-इराक युद्धाचे भयच होते. त्यामुळे जून २०१७ मध्ये तिच्यातील तीन सभासदांनी इजिप्तसह कतारची नाकेबंदी केली, याचे दख्खनच्या इतिहासाशी परिचित असलेल्यास नवल वाटू नये. नवल वाटावे ते याचे, की सरहद्दी आणि आकाशमार्ग बंद असतानाही कतारचा नैसर्गिक वायू समुद्रतळावरील नळातून अमिरातींना पोहोचतच राहिला, कारण तो थांबवणे दोघांनाही परवडणारे नव्हते. आणि जानेवारी २०२१ मध्ये अल-उला येथे समेट झाला. उलटपक्षी, १९८९ मध्ये पाच राष्ट्रांनी उभारलेल्या अरब माघ्रेब संघात असा व्यवहार रुजलाच नाही. अल्जीरिया व मोरोक्को यांची भूसरहद्द १९९४ पासून बंद आहे.

तेव्हा आखाती राज्यकर्त्यांना सांगावयाचे ते एवढेच, की सामाईक लष्कराच्या घोषणांपेक्षा सामाईक वीजवाहिन्या, एकच जकात आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेला सहा राष्ट्रांचा रेल्वेमार्ग यांवर खजिना रिता करावा. कारण शत्रू बदलला की तह बदलतात, परंतु ज्याच्या विच्छेदाने दोन्हीकडचा रोजचा कारभार अडतो, असा संबंध तोडण्यापूर्वी रागावलेला सुलतानही हिशेब करतो.