उंच मनोरे आणि उघड्या सळया

समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तेव्हापासून शहापूर-मुरबाडकडे जमिनीचे दलाल आणि पुढारी एकच भाषा बोलू लागले आहेत: आता इकडे भविष्य येणार. हे भविष्य दिसते कसे? जाहिरातीच्या फलकावर असते तसे. काचेचा मनोरा, खाली हिरवळ, वर हेलिकॉप्टर. याच्या उलट दुसरा पक्ष आहे. स्थापत्यातला भविष्यवाद हे युरोपातले खूळ, आपली कुडाची घरेच खरी, असे तो सांगतो. सांगणारा बहुधा डोंबिवलीत फ्लॅटमध्ये राहतो, हा भाग वेगळा.

पहिल्या पक्षाला भविष्यवादाचा इतिहासच ठाऊक नाही. इटालियन वास्तुकार आन्तोनिओ सांतेलियाने १९१४ साली मिलानमध्ये 'नवनगरी'ची चित्रे मांडली. पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरकणाऱ्या इमारती, अंगाबाहेर काढलेल्या लिफ्टा, राक्षसी वीजकेंद्रे. त्यातले काही बांधले जाण्याआधीच, १९१६ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी तो महायुद्धात मारला गेला. त्याच्या नावे निघालेल्या जाहीरनाम्यातली खरी ठिणगी उंचीची नव्हतीच. घर माणसापेक्षा जास्त टिकू नये, प्रत्येक पिढीने आपले शहर स्वतः बांधावे, असा तो दावा होता. हा भाग भविष्यवाद्यांचा पुढारी मारिनेत्ती याने घुसडला असे अभ्यासक मानतात. घुसडला असेल, पण विचार टिकला. आजचे मनोरेवाले चित्र उचलतात आणि विचार सोडतात. पन्नास मजल्यांच्या इमारतीत पुढच्या पिढीला साधी भिंत सरकवायची तर सोसायटीची परवानगी लागते.

शिवाय भविष्य इकडे 'येणार' हे म्हणणेच उलटे आहे. ते इथूनच गेले. सांतेलिया कागदावर वीजकेंद्रे काढत होता, तेव्हा खोपोलीत टाटांचे जलविद्युत केंद्र खरोखर उभे राहत होते. १९१५ मध्ये सह्याद्रीच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. तानसा धरण तर त्याहून जुने, १८९२ चे. तानसा, मोडकसागर, भातसा हे सगळे शहापूर तालुक्यातले पाणी मुंबईच्या विसाव्या मजल्यावर चढते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर येतो. १९४२ मध्ये भाई कोतवालांच्या आझाद दस्ता या भूमिगत क्रांतिकारी गटाने मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले, ते या व्यवहाराची नस ओळखूनच. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या जागी दरवर्षी अभिवादनाला गर्दी होते, भाषणेही होतात. पाणी आणि वीज कुठून कुठे जाते, हा विषय मात्र त्यात फारसा निघत नाही.

आता दुसरा पक्ष. सिद्धगडाच्या पायथ्याचे जुने घर जरा जवळून बघा. छपराचा सगळा भार लाकडी मेढींवर. मधली भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. भिंत काढली तरी घर पडत नाही. वास्तुकार ल कोर्बुझिएने १९१४ मध्येच जो खांब-स्लॅबचा सांगाडा काढून नाव कमावले, त्यातले तत्त्व हेच: भार खांबांनी घ्यावा, भिंतींनी मोकळे व्हावे. तेव्हा आपले आणि त्यांचे असे भांडण लावण्यात अर्थ नाही. पण म्हणून कुडाची आरती ओवाळू नये. त्याला वाळवी लागते, पावसात लेप धुपतो, आणि दरवर्षी लिंपण्याचे काम घरच्या बाईच्याच हातावर पडते. तिला पक्के घर हवे असेल तर तिचेच बरोबर आहे.

मग मंडन कशाचे करायचे? बदलण्याच्या सोयीचे. जपानी मेटाबोलिस्ट वास्तुकारांनी १९६० पासून वाढणाऱ्या, बदलणाऱ्या इमारतींचे स्वप्न पाहिले. किशो कुरोकावाचा टोकियोतला नाकागिन मनोरा १९७२ चा, १४० खोल्या, प्रत्येक बदलता येणारी. पन्नास वर्षांत एकही बदलली गेली नाही आणि २०२२ मध्ये तो उतरवला गेला. खालची खोली काढायची तर वरच्या हलवाव्या लागत. इतक्या मालकांचे एकमत होणार कसे? वास्तुकार चार्ल्स कोरियांनी आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बेलापूरला, १९८० च्या दशकात याचे साधे उत्तर दिले. अंगणाभोवती लहान घरे, कोणाची भिंत कोणाशी सामाईक नाही, ज्याने त्याने आपल्या ऐपतीने वाढवावे. आज तिथली कितीतरी मूळ घरे पाडून लोकांनी मोठी बांधली आहेत. वास्तुरसिक याला अपयश म्हणतात. मला यात कोरियांचे यश दिसते. प्रत्येक पिढीने आपले घर बांधावे ही मागणी सांतेलियाच्या मिलानपेक्षा बेलापुरात जास्त खरी ठरली.

आणि मुरबाड-शहापूर रस्त्यालगतच्या घरांवर बघा, स्लॅबमधून वर आलेल्या, गंजत चाललेल्या सळया. शहरी पाहुण्याला त्या ओंगळ वाटतात. त्या म्हणजे मुलाच्या लग्नानंतर चढवायच्या खोलीची आगाऊ नोंद आहे. भविष्याचा याहून प्रामाणिक आराखडा मी पाहिलेला नाही.

सरकारी घरकुल नेमके इथे चुकते. प्रधानमंत्री आवास योजनेत डोंगरी भागाला १ लाख ३० हजार रुपये, कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठीच्या जनमन योजनेत २ लाख, आणि किमान २५ चौरस मीटरचे घर. रक्कम तुटपुंजी आहेच, पण नकाशा त्याहून तुटपुंजा: चार भिंती, स्लॅब, उद्घाटनाचा फोटो. नकाशे काढणाऱ्या अभियंत्यांनी या तालुक्यांत एवढे तरी करावे: पाया एका जास्तीच्या खोलीचा घ्यावा, भार भिंतींऐवजी खांबांवर टाकावा, आणि स्लॅबवरच्या सळया कापू नयेत.