स्टेम सेल्स, अण्णा आणि वर्गणी

आमच्या घरात सध्या एका वर्गणीवरून वाद चालू आहे. त्यातली माझी बाजू इथे एकदाच सविस्तर लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला फोनवर वेगळं समजवायला नको. रागावणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचून मग रागवावं.

माझे मोठे काका, म्हणजे अण्णा, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झाले. सात वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्स, आपल्या भाषेत कंपवात, असल्याचं निदान झालं. गोळ्यांनी बरी वर्षं गेली. आता मात्र गोळीचा असर उतरला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं लागतात. अशात कुणीतरी फॅमिली ग्रुपवर एका क्लिनिकची जाहिरात टाकली. कमरेच्या हाडातून स्टेम सेल्स काढायच्या, पाठीच्या कण्यात टोचायच्या, की म्हणे मेंदूत नव्या पेशी तयार! खर्च चार लाख. नागपूरच्या आतेभावाचं म्हणणं, "अगं ताई, सगळ्यांनी मिळून काढले तर काय जड आहे?"

जड नाहीच. तरी माझा विरोध आहे. आणि विरोध विज्ञानावर विश्वास नाही म्हणून नाही, उलट आहे म्हणून.

मेंदूच्या तळाशी डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या काही खास चेतापेशी असतात. या आजारात त्या हळूहळू मरतात. गोळीतून डोपामिनचा कच्चा माल मिळतो, पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मग नव्या पेशी बनवून तिथे लावता येतील का? तर हो, बनवता येतात. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या, त्वचेतल्या पेशी मागे नेऊन पुन्हा मूळपेशी करून दाखवल्या. त्यांना २०१२ चं नोबेल मिळालं. पण मूळपेशी मिळाली म्हणजे चेतापेशी मिळाली असं नाही. आधी काही संदेश बंद करून तिला "तू मेंदूकडे जा" असं सांगावं लागतं. मग मेंदूचा नेमका कुठला भाग, ते सांगायला सॉनिक हेजहॉग नावाच्या प्रथिनाचा मार्ग चालू करतात (हो, नाव त्या व्हिडिओ गेमवरूनच!). हे सगळं ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या प्रमाणात. काही आठवड्यांनी अर्धवट तयार झालेल्या डोपामिन पेशी हाती येतात. त्यातून नको त्या पेशी निवडून काढाव्या लागतात, कारण एखादी मूळपेशी तशीच राहून वाढत सुटली तर गाठ होऊ शकते.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी वर्कशॉपच्याच भाषेत निकाल दिला: "चासी आली म्हणून कुणी गाडी रूटवर सोडत नाही."

माझं म्हणणं एवढंच आहे. जाहिरातवाले चासीसुद्धा नाही, भलताच सुटा भाग विकतायत. हाडाच्या मगजातल्या पेशी रक्त बनवण्याच्या कामाच्या. त्या पाठीत टोचल्या म्हणून मेंदूत जाऊन डोपामिनची चेतापेशी होतात, याला पुरावा नाही.

खरं काम कसं चालतं ते बघा. क्योटो विद्यापीठाच्या चाचणीचे निष्कर्ष एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आले. रुग्ण फक्त ७! मेंदूत दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेने पेशी बसवल्या, शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून औषधं दिली आणि दोन वर्षं लक्ष ठेवलं. गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. परिणाम तपासलेल्या ६ जणांपैकी ४ जणांची, गोळीचा असर नसतानाची हालचाल सुधारली. त्याच वेळी अमेरिका-कॅनडातल्या १२ रुग्णांचेही निष्कर्ष आले. आशा वाटावी असंच हे आहे. पण २००१ साली अमेरिकेत गर्भातल्या पेशी वापरून ४० रुग्णांवर चाचणी झाली होती, तीही विसरू नये. निम्म्यांवर लुटुपुटुची शस्त्रक्रिया केली होती, तुलनेसाठी. साठीच्या आतल्यांना थोडा फायदा दिसला, पण पेशी मिळालेल्यांपैकी काहींना वर्षभरानंतर गोळी न घेताही अंग वेडंवाकडं हलण्याचा त्रास सुरू झाला. एकदा मेंदूत बसवलेल्या पेशी परत काढता येत नाहीत हो!

आपल्याकडे काही होत नाही असंही नाही. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मानवी भ्रूणातल्या मूळपेशींच्या दोन ओळी तयार केल्या, ते २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि अण्णांच्या घरापासून हॅरिस पूल ओलांडून बोपोडी-खडकीमार्गे विद्यापीठात गेलं की राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारं. तिथे कुणी चार लाखांचं पॅकेज लावून बसलेलं नाही, हे आतेभावाने लक्षात घ्यावं.

आयसीएमआरच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात 'संशोधन आणि उपचार' होतं. २०१३ मध्ये त्यातला 'उपचार' हा शब्दच काढून टाकला. रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं फक्त मंजूर चाचणीत करायचं, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. तेव्हा जो पैसे मागतो तो चाचणी करत नाहीये, आणि जो चाचणी करत नाही त्याच्याकडे उपचारही नाही. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

"पण मग नुसतं बसून राहायचं का?" हा काकूंचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. काकूंना आशा विकत हवी आहे असं नाही, त्यांना झोप हवी आहे. रात्री तीनदा उठून अण्णांची कूस बदलून द्यावी लागते. जाहिरात अशाच घरात बरोबर पोचते.

तर माझा प्रस्ताव. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, डीबीएस, ही अनेक वर्षं सिद्ध झालेली आहे. ती अण्णांना चालेल का, हे त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारायला मी बरोबर जाणार आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे दोघांनी जायला काकू तयार झाल्यात. वर्गणी काढायचीच तर घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टसाठी, बाथरूममधल्या दांड्यांसाठी आणि रात्रीच्या मदतनिसासाठी काढू. शनिवारची रात्र मी घेतली आहे. बाकीचे वार अजून रिकामे आहेत, कोण कुठला घेतंय ते कळवा.