रुग्णालयाविरुद्ध तक्रार कुठे करायची? आधी ठरवा, तुम्हाला नेमकं काय हवंय

२०२५च्या मार्चअखेरीस पुण्यात एका महिलेचा प्रसूतीनंतर मृत्यू झाला. आधी तिला ज्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयात नेलं होतं, तिथे १० लाख रुपये अनामत मागितली, असा कुटुंबाचा आरोप होता. प्रकरण गाजलं आणि आरोग्य विभाग, महापालिका, धर्मादाय आयुक्तालय आणि ससून रुग्णालयाची समिती, अशा वेगवेगळ्या चौकश्या सुरू झाल्या.

एकाच घटनेच्या इतक्या चौकश्या का? कारण प्रत्येक यंत्रणेला आपल्यापुरताच भाग तपासायचा अधिकार आहे. त्या प्रकरणावर सगळ्या राज्याचं लक्ष होतं. तुमच्या-आमच्या तक्रारीत मात्र योग्य दार आपल्यालाच शोधावं लागतं. चुकीचं दार ठोठावलं, तर ‘हे आमच्या अखत्यारीत येत नाही’ एवढं ऐकायला काही महिने जातात.

पहिलं काम: कागदपत्रं

कुठेही तक्रार करा, केसपेपर लागतातच. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर डॉक्टरने ७२ तासांत कागदपत्रं द्यायला हवीत. भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवणंही बंधनकारक आहे. मागणी लेखीच करा आणि अर्जाच्या प्रतीवर रुग्णालयाचा शिक्का, तारीख घ्या. नोंदी दिल्या नाहीत, तर तोच अर्ज पुढे तुमचा पुरावा ठरतो.

बिल, दरपत्रक, वागणूक

खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. २०२१मध्ये त्याचे नियम बदलले. आता रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणं सक्तीचं आहे. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. अशी तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करायची. इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे. या यंत्रणेने तक्रार निवारण कक्ष आणि टोल-फ्री क्रमांक ठेवणं अपेक्षित आहे.

रुग्णालय धर्मादाय असेल, तर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय महत्त्वाचं. अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तातडीच्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घेऊन जीव वाचवणारे उपचार द्यावेच लागतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असूनही पैसे मागितले, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा किंवा १५५३८८ वर फोन करा.

डॉक्टरवर कारवाई हवी असेल तर

अॅलोपॅथीच्या डॉक्टरविरुद्ध तक्रार मुंबईतल्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करायची. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यकासाठी वेगळ्या परिषदा आहेत. परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी किंवा कायमचं नोंदवहीतून त्याचं नाव काढू शकते. भरपाई मात्र देऊ शकत नाही, हे बऱ्याच जणांना निकाल हातात आल्यावर कळतं.

नियमात निर्णयासाठी सहा महिन्यांची मुदत आहे, पण ती अनेकदा पाळली जात नाही. शिवाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९च्या कायद्यात राज्य परिषदेच्या निर्णयावर अपिलाची तरतूद करताना डॉक्टरचा उल्लेख आहे, रुग्णाचा नाही. म्हणजे निकालाने नाराज झालेल्या डॉक्टरसाठी पुढचं दार ठेवलंय, नाराज कुटुंबाचा मात्र विसर पडलाय. तक्रारदाराच्या बाजूने पाहिलं, तर व्यवस्थेतला हा सर्वात दुखरा भाग आहे.

नुकसानभरपाई हवी असेल तर

यासाठी ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच स्पष्ट केलं. जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात, त्या रुग्णालयांना मात्र यातून वगळलंय.

उपचारांसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. तरीही डॉक्टरची चूक सिद्ध करण्यासाठी बहुतेक वेळा दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागतं. ते मिळवणं हीच खरी अडचण असते. उपचार करूनही रुग्ण बरा झाला नाही, एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही.

पोलिसांत जावं का?

जाता येतं, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००५च्या निकालानुसार डॉक्टरवर कारवाईआधी पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत घेणं अपेक्षित आहे. गुन्हा ठरण्यासाठी निष्काळजीपणा गंभीर स्वरूपाचा असावा लागतो. सरकारी रुग्णालयाबद्दल तक्रार असेल, तर आधी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या. दाद लागली नाही, तर ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवा.

ही तारीख विसरू नका

ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं आणि माफी मिळेलच असं नाही. वैद्यकीय परिषदेत तक्रार प्रलंबित आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. परिषदेच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या कुटुंबाची दोन वर्षं तशीच निघून जातात. दोन्हीकडे एकाच वेळी तक्रार करता येते. कारवाई आणि भरपाई, दोन्ही हवं असेल तर तेच करा.