मी आहे ना!

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी शंकरपाळे पाडण्याचे काम माझ्या धाकट्या भावाकडे असते. पोळी मी लाटायची आणि कातणे त्याने फिरवायचे. एकेक शंकरपाळे असे नेमके पडते की पट्टीने मोजून घ्यावे! माझी पोळी जरा जाड झाली, तर तो कातणे खाली ठेवतो आणि म्हणतो, "ताई, परत लाट." परत लाटल्यावाचून सुटका नाही.

हा आमचा बाळ आता पन्नाशीला टेकला आहे. अंगाने वाढला, पण बुद्धीची वाढ लहानपणीच रेंगाळली. म्हणून घरात 'बाळ' हे नाव पडले ते पडलेच. केस पिकले, तरी बाळ तो बाळच!

आई ब्याऐंशी वर्षांची. गेली कितीतरी वर्षे फराळ करता करता ती एकच प्रश्न विचारत आली. "माझ्यामागं याचं कसं होईल गं?" मी सारण परतता परतता म्हणायची, "मी आहे ना!" विषय तिथेच संपायचा.

वाचकहो, खरे सांगते, त्या तीन शब्दांत माया होती. पण व्यवस्था काहीच नव्हती. मी स्वतः साठीच्या घरात. जिना चढताना गुडघे कुरकुरतात. मुले आपापल्या संसारात. आणि सांगायला लाज वाटते, पण हा प्रश्न देवाने आपल्यापर्यंत आणूच नये, अशीही एक आशा मनाच्या तळाशी दडून बसली होती.

डोळे उघडले ते एका बँकेच्या खिडकीपाशी. वडिलांनी बाळच्या नावाने एक ठेव ठेवली होती. वडील गेल्यावर तिची मुदत संपली, म्हणून आम्ही तिघे गेलो. खिडकीतला तरुण नम्रपणे म्हणाला, "आजी, हे सज्ञान आहेत. यांच्या वतीनं सही करायला तुमच्याकडे पालकत्वाचा दाखला आहे का?"

"अरे, मी याची आई आहे!" एवढेच आई बोलली आणि तिचे डोळे भरून आले.

त्या मुलाचे काही चुकले नव्हते. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबापांचे कायदेशीर पालकत्व संपते, मग ते मूल हुशार असो की भोळे. आमच्या घरी हे तीस वर्षे कुणाच्या ध्यानातच आले नव्हते.

मग चौकशी केली. १९९९ साली 'राष्ट्रीय न्यास' कायदा झाला, तो अशाच घरांसाठी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी स्थानिक समितीला पालक नेमता येतो. समितीवर तिघे असतात : जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणी झालेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि स्वतः अपंगत्व असलेली एक व्यक्ती. आईबाप किंवा नातलग अर्ज करू शकतात. याच कायद्याखालच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमाही मिळतो.

हे सारे आपोआप आले नाही. त्यामागे आईबापांची धडपड आहे. अशा मुलांना मागच्या खोलीत ठेवण्याची रीत होती, त्या काळात, १९४४ साली, मुंबईच्या वकील दांपत्याने आपल्या लेकीसाठी शाळा सुरू केली. शिवडीची 'जय वकील' ती हीच.

आम्ही अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी मला वाटले होते, प्रश्न मला विचारतील. पण समितीतले एक गृहस्थ, जे स्वतः चाकांच्या खुर्चीवर होते, ते थेट बाळकडे वळले.

"तुमचं नाव काय?"

बाळने स्वतःचे, वडिलांचे, आडनावासकट पूर्ण नाव स्पष्ट सांगितले. घरात ते नाव किती वर्षांत उच्चारले गेले नव्हते!

"आईनंतर बहिणीकडं राहायला आवडेल का?"

बाळने विचार केला. "आवडेल. पण मला कामाला जायचंय."

तो ज्या कार्यशाळेत कागदी पिशव्या करतो, ती माझ्या घरापासून दोन बस बदलून जाण्याच्या अंतरावर आहे. मी मनातल्या मनात ते काम केव्हाच बंद करून टाकले होते. त्याला विचारावे, हे मला सुचलेसुद्धा नव्हते! २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातही मर्यादित पालकाने त्या व्यक्तीशी सल्लामसलत करूनच निर्णय घ्यावा, असे म्हटले आहे. मी मात्र सख्खी बहीण असून विसरले.

नेमणूक झाल्यावर कळले, की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. हयगय किंवा अफरातफर केली तर पालकाला काढूनही टाकता येते. आधी राग आला. बहिणीकडून हिशेब? मग वाटले, बरोबरच आहे. 'मी आहे ना' म्हणणारे सगळेच जन्मभर तसेच राहतात, असे कुठे आहे?

तुमच्या घरी असा बाळ असेल, तर यंदा फराळाचे डबे भरून झाले की कागदांचाही डबा उघडा. अपंगत्वाचा दाखला, ठेवींच्या पावत्या, पालकत्वाचा अर्ज. वडील किंवा आई सरकारी नोकरीत असतील, तर स्वतः पोट भरू न शकणाऱ्या अशा अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याची नोंद आईबाप हयात असतानाच करून घ्या. आणि कागद करताना त्यालाही जवळ बसवा.

पूर्वी भाऊबीजेला ओवाळणीची नोट आई बाळच्या हातात ठेवत असे. गेल्या भाऊबीजेला त्याने स्वतःच्या पगाराच्या पाकिटातून पन्नास रुपये काढले आणि ताटात ठेवले. मग म्हणाला, "ताई, सोमवारी मला कामाला सोड."

सोडले. दोन बस बदलून! आणि त्या दिवाळीत आईने तो प्रश्न विचारला नाही.